मास्किंग टेप (प्रतिकृतींचे रंगकाम)

मास्किंग टेप ही एका बाजूस सौम्य गोंद असलेली कागदाची किंवा प्लास्टिकची पातळ चिकटपट्टी होय. रंगकाम करताना पृष्ठभागाचा जो भाग नव्या रंगापासून सुरक्षित ठेवायचा असतो, तो या पट्टीने झाकला जातो आणि रंग बसल्यावर पट्टी काढून टाकली जाते. मोटारी, इमारती व लाकडी सामानाच्या रंगकामात तिचा वापर सर्वत्र होतो. विमाने, जहाजे, रेल्वेगाड्या, मोटारी आणि वास्तू यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती रंगवताना मात्र टेपची निवड अधिक काटेकोरपणे करावी लागते. भिंतीवरील रेषेत अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्यांना दिसत नाही. १:८७ प्रमाणातील रेल्वेडब्यावर तीच चूक खऱ्या डब्यावरील चार सेंटिमीटरहून मोठ्या चुकीसारखी भासते. प्रतिकृतीसाठी टेप निवडताना पकड, कड, जाडी, लवचीकता आणि द्रावकाला होणारा विरोध हे पाच गुण पाहिले जातात.

## संज्ञा

मराठीत या वस्तूसाठी ‘मास्किंग टेप’ हाच शब्द रूढ आहे. रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत तिला ‘कागदी टेप’ असेही म्हणतात. पारदर्शक ‘सेलोटेप’, तपकिरी पॅकिंग टेप आणि विजेच्या तारांवर गुंडाळायची इन्सुलेशन टेप या वेगळ्या वस्तू आहेत. त्यांचा गोंद कायम चिकटून राहण्यासाठी बनवलेला असतो. मास्किंग टेपचा गोंद ठरावीक काळाने स्वच्छ सुटून येण्यासाठी बनवलेला असतो.

प्रतिकृतीकारांमध्ये लोकप्रिय असलेल्या पिवळ्या जपानी कागदी टेपला ‘वाशी टेप’ म्हणतात. या नावाचा नवी मुंबईतील वाशी या उपनगराशी संबंध नाही. जपानी भाषेत ‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘शी’ म्हणजे कागद. हाताने वाशी कागद बनवण्याच्या पारंपरिक कलेचा समावेश युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. टेपसाठी वापरला जाणारा कागद मात्र कारखान्यात तयार होतो.

## इतिहास

मास्किंग टेपचा उगम मोटारींच्या दुरंगी रंगकामात आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांत रंगवलेल्या मोटारींना मागणी वाढली. दोन रंगांमधील हद्द सरळ राहावी म्हणून रंगारी वर्तमानपत्राचे कागद कडक गोंदाने चिकटवत. कागद काढताना त्याबरोबर आधीचा रंगही उपटून येई आणि पुष्कळदा सगळे काम पुन्हा करावे लागे. मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजेच थ्री-एम, या कंपनीत रिचर्ड ड्र्यू हे प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करीत होते. घासकागदाचे नमुने घेऊन मोटारींच्या कार्यशाळांत जाताना ही अडचण त्यांच्या लक्षात आली. सुमारे दोन वर्षांच्या प्रयोगांनंतर १९२५ मध्ये त्यांनी चुण्यांच्या कागदावर सौम्य गोंद लावलेली पट्टी तयार केली. याच ड्र्यू यांनी १९३० मध्ये सेलोफेनची पारदर्शक टेपही बनवली.

जपानमधील कुराशिकी येथील कामोई काकोशी ही कंपनी १९२३ मध्ये माशा पकडण्याचा चिकट कागद बनवण्यासाठी सुरू झाली. कागदावर गोंद पसरवण्याच्या त्या अनुभवातून ती पुढे वाशी कागदाच्या मास्किंग टेपकडे वळली. शिझुओका येथील तामिया ही प्रतिकृतींचे संच बनवणारी कंपनी अशाच प्रकारची पिवळी टेप प्रतिकृतीकारांसाठी विकते. ६, १० आणि १८ मिलिमीटर या तिच्या नेहमीच्या रुंदी असून त्याहून अरुंद व रुंद पट्ट्याही मिळतात.

## रचना

मास्किंग टेपचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग आधाराचा, म्हणजे कागदाचा किंवा प्लास्टिकचा थर. दुसरा दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचा थर. हा गोंद पाण्याने ओला करावा लागत नाही. बोटाने दाब दिला की तो पृष्ठभागावर पसरतो आणि पकड घेतो. आधाराच्या वरच्या बाजूवर गोंद न धरणारा लेप असतो, त्यामुळे रिळातून टेप सहज उलगडते.

गोंद बहुधा रबरी किंवा ॲक्रिलिक असतो. रबरी गोंद लगेच पकड घेतो, परंतु उष्णता आणि उन्हाने मऊ पडून पृष्ठभागावर चिकट डाग ठेवू शकतो. ॲक्रिलिक गोंद पकड सावकाश घेतो, पण ऊन आणि काळ त्याला अधिक सोसतो. यामुळे एकाच रंगाच्या, दिसायला सारख्या दोन टेपांचे वर्तन वेगळे असू शकते. टेपचा रंग हा उत्पादकाचा संकेत असतो. सर्व कंपन्यांना लागू होणारे असे रंगाचे प्रमाण नाही.

## निवडीचे निकष

### पकड

रंगवलेल्या प्रतिकृतीवर टेप लावली की चिकटण्याचे तीन जोड तयार होतात: टेप आणि वरचा रंग, रंग आणि अस्तराचा प्रायमर, प्रायमर आणि मूळ प्लास्टिक. टेप ओढली असता या तिघांपैकी सर्वांत दुर्बळ जोड सुटतो. टेपचा जोड सर्वांत दुर्बळ असेल तर टेप एकटी निघते. अन्यथा ती रंग घेऊनच येते. म्हणून टेपची पकड रंगाच्या पकडीपेक्षा कमी असणे, हा निवडीचा पहिला निकष आहे.

या तत्त्वावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. रंग उपटून आला की दोष टेपला दिला जातो, पण पुष्कळदा मूळ कारण खालच्या जोडात असते. प्लास्टिकचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यांच्यावर राहतो. भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने ते धुतले नाहीत, प्रायमर दिला नाही किंवा रंग पूर्ण वाळू दिला नाही, तर उत्तम टेपही रंग उपटते. त्रिमितीय छपाईने केलेल्या रेझिनच्या भागांवर न घट्ट झालेले रेझिन उरल्यास हाच परिणाम दिसतो.

फार सौम्य टेपही निरुपयोगी ठरते. तिची कड उचलली जाते आणि रंग खाली शिरतो.

### कड

दोन रंगांतील रेषा किती स्वच्छ येईल, हे टेपच्या कडेवर ठरते. चुण्यांच्या कागदाची कड भिंगाखाली दातेरी दिसते आणि चुण्यांच्या बारीक खाचांतून रंग केशाकर्षणाने आत झिरपतो. वाशी कागद सपाट व दाट असल्याने त्याची कड सरळ असते. प्लास्टिकच्या टेपची कड सर्वांत तीक्ष्ण असते. रिळाच्या बाजूला धूळ, केस किंवा लाकडाचा भुसा चिकटला असेल तर कोणत्याही टेपची कड बिघडते.

### जाडी

वाशी टेपची जाडी सामान्यतः ०.०८ ते ०.१ मिलिमीटर असते आणि चुण्यांच्या टेपची ०.१२ ते ०.१५ मिलिमीटर. हा फरक नगण्य वाटतो. १:७२ प्रमाणाच्या विमानावर मात्र ०.१४ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरील सुमारे १० मिलिमीटर. टेपच्या भिंतीशी रंग साचतो आणि टेप काढल्यावर तेथे बारीक उंचवटा राहतो. टेप जितकी जाड आणि रंगाचा थर जितका ओला, तितका उंचवटा मोठा. प्रमाण जसजसे लहान होते, तसतशी पातळ टेपची गरज वाढते.

### लवचीकता

सपाट पृष्ठभागावरील सरळ रेषेसाठी न ताणली जाणारी टेप योग्य असते, कारण ती लावताना वाकडी होत नाही. वळणावर अशी कागदी टेप आतल्या बाजूस सुरकुतते. विनाइलची अरुंद टेप ताणून वळवता येते. तिच्या २, ३ व ५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या यासाठी मिळतात. विनाइल गरजेपेक्षा अधिक ताणल्यास ते हळूहळू मूळ लांबीकडे परत येते, टोके सरकतात आणि रेषा बिघडते. त्यामुळे ते वळणापुरतेच ताणले जाते.

### द्रावकाला विरोध

ॲक्रिलिक रंग पाण्याने किंवा अल्कोहोलने पातळ केले जातात, एनॅमल टर्पेंटाइनसारख्या द्रावकाने आणि लॅकर तीव्र थिनरने. तीव्र थिनर पातळ कागदातून पाझरू शकतो आणि गोंद मऊ करू शकतो. लॅकरचा ओला थर देण्याऐवजी अनेक हलके, जवळजवळ कोरडे थर दिल्यास हा धोका टळतो.

## प्रकार

| प्रकार | गुण | मर्यादा | योग्य उपयोग |
|---|---|---|---|
| चुण्यांच्या कागदाची टेप | स्वस्त, सर्वत्र उपलब्ध, रुंद | जाड, कड दातेरी, पकड कमी-अधिक | रेषेपासून दूरचा भाग झाकणे, कागद अडकवणे |
| वाशी टेप | पातळ, सरळ कड, सौम्य पकड | तीव्र वळणावर सुरकुतते | बहुतेक सर्व सरळ हद्दी |
| विनाइल टेप | लवचीक, तीक्ष्ण कड | ताणल्यास आक्रसते, जास्त काळ ठेवल्यास खुणा | वळणे, चाकांच्या कमानी |
| घरकामाची निळी टेप | अनेक दिवसांनीही स्वच्छ निघते | कागद तुलनेने जाड | मोठ्या प्रतिकृती, वास्तू प्रतिकृती |
| मास्किंग द्रव | अनियमित आकारांत भरतो | कड कमी नेमकी, जुना रंग उपटू शकतो | काचा, खाचा, लहान कोपरे |

मास्किंग द्रव म्हणजे कुंचल्याने लावायचे व वाळल्यावर सोलून काढायचे रबरी द्रव्य. काहीजण हद्दीवर वाशी टेप आणि आतल्या भागात हे द्रव अशी जोडणी करतात. विमानाच्या वेशांतरण रंगाची मऊ, धूसर हद्द हवी असेल तर मऊ पुटीच्या वळकट्या वापरल्या जातात. तेथे टेपची तीक्ष्ण कड उलट खोटी दिसते.

## प्रतिकृतीनुसार निवड

### काळी-पिवळी टॅक्सी

ड्र्यू यांच्यासमोर असलेली दुरंगी मोटारीची समस्या मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने परिचित आहे. प्रीमियर पद्मिनी ही मोटार प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होत असे. कुर्ल्याहून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंडमार्गे ठाण्याकडे जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग या कारखान्याच्या परिसरातूनच जातो. फियाटच्या रचनेवर आधारित या मोटारीला १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. टॅक्सी म्हणून तिची मुंबईतील सेवा ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. प्रत्यक्ष गाडी रस्त्यावर दिसेनाशी झाल्यामुळे तिच्या लहान प्रतिकृतींना स्मृतिमूल्य आले आहे.

टॅक्सीचे छत पिवळे आणि खालचे अंग काळे असते. पिवळ्या रंगाची झाकण्याची शक्ती कमी असल्यामुळे तो पांढऱ्या प्रायमरवर आधी दिला जातो. मग छत झाकून काळा रंग मारला जातो. उलट क्रमाने काम केल्यास काळ्यावर पिवळ्याचे अनेक थर द्यावे लागतात आणि हद्दीवर उंचवटा येतो. दोन रंगांची हद्द खिडक्यांच्या पट्ट्यात येते. तेथे खांब, चौकटी आणि छताचे वळण एकत्र येत असल्याने सरळ भागासाठी अरुंद वाशी टेप व कोपऱ्यांसाठी विनाइलची २ मिलिमीटर पट्टी ही जोडणी उपयोगी पडते. पिवळ्यावर झिरपलेला काळा ठिपका लपत नाही, म्हणून या कामात कडेला विशेष महत्त्व आहे.

### रेल्वेगाड्या

रेल्वेडब्यांवर लांब, समांतर पट्टे असतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीच्या मूळ दोन गाड्यांपैकी एक रुपेरी रंगाची व लाल किनारीची, तर दुसरी गडद निळी व सोनेरी रेषांची होती. नंतर अनेक वर्षे या गाडीचे डबे निळ्या व क्रीम रंगांत, खिडक्यांच्या वर लाल पट्टा घेऊन धावत. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत जुन्या पिवळ्या-तपकिरी आणि २००७ पासून धावू लागलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांच्या रंगसंगती प्रतिकृतीकार निवडतात.

प्रवासी डब्याचा सांगाडा सुमारे २१.३ मीटर लांब असतो. १:८७ या एच-ओ प्रमाणात तो २४.५ सेंटिमीटर होतो. १५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा याच प्रमाणात १.७ मिलिमीटर होतो. एवढ्या लांबीवर पट्ट्याची रुंदी पाव मिलिमीटरने बदलली तरी डबा तिरका वाटतो. येथे न ताणली जाणारी टेप एकाच तुकड्यात, खिडक्यांच्या ओळीचा आधार घेऊन लावली जाते. रंगांचा क्रम फिकटाकडून गडदाकडे, म्हणजे आधी क्रीम, मग निळा आणि शेवटी लाल असा ठेवला जातो. एच-ओ प्रमाणातील रेल्वे प्रतिकृतींची मांडणी पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेल्या आणि १९९८ मध्ये सुरू झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयात पाहता येते.

### जहाजे

युद्धनौकेच्या प्रतिकृतीत वरचा भाग राखाडी, पाण्याखालचा भाग वेगळ्या रंगाचा आणि दोहोंमध्ये जलरेषेचा काळा पट्टा असतो. जहाजाचा तळ दोन दिशांनी वळलेला असल्यामुळे टेप नुसती नजरेने लावली तर रेषा पुढे-मागे वर चढते. प्रतिकृती सपाट काचेवर स्थिर ठेवून, ठरावीक उंचीवर धरलेल्या पेन्सिलीने प्रथम रेषा आखतात व त्या रेषेवर २ किंवा ३ मिलिमीटरची टेप लावतात. अरुंद टेप बाजूच्या वळणाशी जुळवून घेते. रुंद टेप घेत नाही. भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय-नौका होती. तिची लांबी सुमारे २१३ मीटर होती. १:३५० प्रमाणात ती सुमारे ६१ सेंटिमीटर भरते. त्या प्रमाणात एक मीटर रुंदीचा पट्टा २.९ मिलिमीटर होतो.

### विमाने

भारतीय हवाई दलाच्या विमानांवरील वर्तुळाकार चिन्हात बाहेरून आत केशरी, पांढरा आणि हिरवा असे रंग असतात. हे चिन्ह बहुधा पाण्याने सुटणाऱ्या छापील चित्रपट्टीने लावले जाते. रंगवायचे असल्यास काचेवर चिकटवलेल्या रुंद वाशी टेपमधून वर्तुळ कापणाऱ्या कंपासने वर्तुळे कापली जातात. पांढऱ्या रंगाची तबकडी आधी रंगवून मग आतील व बाहेरील भाग क्रमाने झाकले जातात. विमानाच्या काचेवर टेप लावून चौकटीच्या उंचवट्यालगत नव्या धारदार पात्याने टेप कापतात. पाते बोथट असेल तर अधिक दाब द्यावा लागतो आणि काचेवर कायमची ओरखड उठते.

### वास्तू आणि उत्पादनांच्या प्रतिकृती

गृहप्रकल्पांच्या विक्री कार्यालयांत ठेवल्या जाणाऱ्या इमारतींच्या प्रतिकृती आणि वास्तुरचना व औद्योगिक अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांचे नमुने हा मुंबईतील या तंत्राचा आणखी एक उपयोग आहे. विक्रोळीहून सुरू होणाऱ्या जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर पवई येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तिच्यात १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. अशा शिक्षणात प्रतिकृती ॲक्रिलिक पत्रा, एमडीएफ, पुठ्ठा, फोम यांच्या बनवल्या जातात. प्रत्येक माध्यमाची टेपबाबतची गरज वेगळी आहे. ॲक्रिलिक पत्रा गुळगुळीत असल्याने त्यावर रंगाची पकड कमी असते आणि बारीक घासकागद व प्रायमर आवश्यक ठरतात. पुठ्ठ्यावर टेप कागदाचा थर सोलते. म्हणून तिची पकड आधी कमी करावी लागते. एमडीएफची कापलेली कड रंग शोषते, त्यामुळे ती सीलरने बंद केल्याशिवाय टेपची रेषा स्वच्छ येत नाही.

## हवामानाचा परिणाम

मुंबई उपनगरांची हवा टेपच्या वर्तनावर थेट परिणाम करते. विक्रोळीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी व खारफुटी आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक राहते. दमट हवेत पाण्यावर आधारित रंग सावकाश वाळतो. हाताला कोरडा लागणारा थर आतून मऊ असतो आणि त्यावर लावलेली टेप आपली खूण सोडते किंवा रंग उपटते. कागदी टेप ओलावा शोषून कडेला फुगते. लॅकर झपाट्याने उडत असताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि रंगावर पांढरट झाक येते. या झाकेला टेप कारणीभूत नसली, तरी झाकलेला आणि उघडा भाग यांत फरक दिसत असल्याने दोष टेपचा वाटतो.

एप्रिल-मेच्या उकाड्यात अडचण वेगळी असते. रबरी गोंद मऊ पडतो, कागदापासून सुटून पृष्ठभागावर राहतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा खिडकीजवळ उन्हात ठेवलेले रीळ काही महिन्यांत निकामी होऊ शकते.

यावर उपाय साधे आहेत. रिळे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह व आडवी ठेवावीत. पावसाळ्यात ॲक्रिलिकला किमान एक दिवस आणि एनॅमलला दोन ते तीन दिवस वाळू द्यावे. मुसळधार पावसाच्या दिवशी लॅकरचे काम टाळावे. टेप प्रतिकृतीवर गरजेपुरतीच, शक्यतो त्याच दिवशी काढता येईल एवढाच वेळ ठेवावी.

## वापराची पद्धत

पुढील क्रम सामान्यतः पाळला जातो:

1. प्रतिकृतीच्या न दिसणाऱ्या भागावर किंवा त्याच रंगाने रंगवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर टेप लावून, तासाभराने काढून चाचणी घेणे.
2. टेप अधिक चिकट असल्यास ती प्रथम स्वच्छ काचेवर एक-दोनदा लावून काढणे, म्हणजे पकड कमी होते.
3. हद्दीवर अरुंद व नवी कड असलेली पट्टी लावणे. उरलेला भाग स्वस्त टेप आणि कागदाने झाकणे.
4. लाकडी दातकोरण्याने कड दाबून बसवणे, विशेषतः पत्र्यांच्या जोडरेषांच्या खाचांत.
5. कडेवर आधी खालच्याच रंगाचा किंवा पारदर्शक वार्निशचा हलका थर देणे. जे काही झिरपायचे ते याच थरातून झिरपते, खाचा बंद होतात आणि पुढचा रंग आत जात नाही.
6. नवा रंग टेपकडून उघड्या भागाकडे, हलक्या थरांत फवारणे. कडेखाली हवा शिरेल अशा उलट दिशेने एअरब्रश धरणे टाळणे.
7. रंग स्पर्शाला कोरडा होताच टेप स्वतःवर दुमडून, पृष्ठभागालगत, हद्दीपासून दूर आणि सावकाश ओढणे.

पाचवी पायरी स्वस्त टेपच्या कडेचा दोष बऱ्याच अंशी भरून काढते. सातव्या पायरीतील दुमडण्यामागे यांत्रिक कारण आहे: टेप काटकोनात वर ओढल्यास रंगाचा थर वर उचलला जातो, तर दुमडून ओढल्यास बल पृष्ठभागाला जवळजवळ समांतर राहते.

लॅकर व थिनरची वाफ आरोग्यास अपायकारक आणि ज्वलनशील असते. लहान घरांत फवारणी करताना खिडक्या उघड्या ठेवणे, योग्य मुखवटा वापरणे आणि जवळपास गॅस किंवा देवापुढील दिवा पेटता नसल्याची खात्री करणे आवश्यक आहे.

## सामान्य दोष आणि कारणे

* रंग कडेखाली झिरपणे: कड न दाबणे, रंग अतिपातळ असणे, एकाच वेळी ओला थर देणे.
* खालचा रंग उपटणे: न धुतलेले प्लास्टिक, प्रायमरचा अभाव, अपुरे वाळणे, अधिक चिकट टेप.
* गोंदाचे डाग: जुनी किंवा उन्हात राहिलेली टेप, फार काळ ठेवलेली टेप. टेपचाच ताजा तुकडा डागावर हलके टेकवून उचलल्यास बराच गोंद निघतो. थिनर लावल्यास रंगही विरघळतो.
* हद्दीवर उंचवटा: जाड टेप, जाड थर. रंग पूर्ण वाळल्यावर अतिबारीक ओल्या घासकागदाने तो कमी करता येतो.
* रेषा वाकडी येणे: लावताना टेप ताणणे, लहान तुकडे जोडून लांब रेषा करणे.

## स्थानिक टेपचा उपयोग

प्रतिकृतींसाठीच्या जपानी टेप आयात कराव्या लागतात आणि रंगाच्या दुकानातील रिळाच्या तुलनेत त्या बऱ्याच महाग पडतात. विद्यार्थ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा असतो. उपनगरांतील हार्डवेअर व मोटाररंगांच्या दुकानांत २० मीटरचे मास्किंग टेपचे रीळ सहज मिळते. हे रीळ योग्य जागी वापरल्यास आयात टेपचा खर्च कमी होतो: हद्दीची पहिली दोन-तीन मिलिमीटर पट्टी वाशी टेपची आणि तिच्यामागील सर्व झाकणे स्थानिक टेपचे.

केवळ स्थानिक टेपच उपलब्ध असल्यास ती काचेवर चिकटवून, पोलादी पट्टी व नव्या पात्याने तिची कारखान्यातील कड दोन मिलिमीटर कापून टाकतात. यामुळे धूळ लागलेली, दबलेली कड जाऊन नवी सरळ कड मिळते आणि काचेवर लावून काढल्याने पकडही कमी होते. चुण्यांची जाडी मात्र यामुळे बदलत नाही. त्यामुळे १:२४ प्रमाणाच्या मोटारीवर किंवा इमारतीच्या प्रतिकृतीवर हा मार्ग पुरेसा ठरतो. १:७२ च्या विमानावर किंवा १:८७ च्या रेल्वेडब्यावर हद्दीसाठी वाशी टेप वापरणे श्रेयस्कर असते.

## हेही पहा

* प्रतिकृती (प्रमाणबद्ध)
* एअरब्रश
* चिकटपट्टी
* प्रीमियर पद्मिनी
* दख्खनची राणी
* विक्रोळी